डबीवरच्या एका वाक्यासाठी

औषध कंपनीतली नोकरी सोडून मी सौंदर्यप्रसाधनांच्या मार्केटिंगमध्ये जाणार असं सांगितलं, तेव्हा ओळखीच्यांनी एकच चित्र रंगवलं: आता हिला काय, फोटोशूट, मॉडेल आणि फुकट लिपस्टिक. फुकट लिपस्टिक खरंच मिळतात, इतक्या की ड्रॉवर बंद होत नाही. बाकीचं चित्र कामाच्या फार थोड्या भागाला लागू पडतं. इकडे आल्यापासून माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय तो डबीवर छापायच्या वाक्यांवर. क्रीम काय करतं, किती करतं आणि त्यातलं किती बोलून दाखवता येतं, या तीन प्रश्नांभोवती आमची नोकरी फिरते. ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी माझी वाट लिहून ठेवते.

माझी पदवी फार्मसीची. आधी एमआर म्हणून बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी बसले, मग त्याच कंपनीच्या ऑफिसात त्वचेच्या मलमांचं मार्केटिंग पाहिलं. त्या कामात मलम लावणारा माणूस तुम्हाला कधी दिसतच नाही. डॉक्टर लिहून देतो, केमिस्ट काढून देतो, रुग्ण बरा झाला की ट्यूब तशीच पडून राहते. क्रीमचं उलट आहे. कुणी लिहून दिलेलं नसताना, काही दुखत-खुपत नसताना माणूस स्वतःच्या पैशाने तीच डबी पुन्हा आणतो, किंवा अर्धी ठेवून दुसरीकडे वळतो. हे का होतं, ते मला जवळून पाहायचं होतं.

अर्ज करायला लागले तेव्हा कळलं, की औषधाकडून आलेल्या माणसाला इकडे ‘टेक्निकल’ समजतात आणि मार्केटिंगच्या टेबलावर बसवायला बिचकतात. साबण-शाम्पू विकलेले एमबीए त्यांना जास्त भरवशाचे वाटतात. मोठ्या कंपन्यांत एमबीएचा उपयोग होतो, हे मान्य. पण तेवढाच एक मार्ग नाही. न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रसाधनं आणि सुगंध यांच्या मार्केटिंगचा वेगळा अभ्यासक्रम आहे, फ्रान्समध्ये व्हर्सायला इसिप्का ही याच धंद्यासाठी माणसं घडवणारी संस्था आहे. लॉरिआल कंपनी १९९२ पासून ‘ब्रँडस्टॉर्म’ नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा घेते, शिकत असाल तर तिच्यात उतरायला हरकत नाही. यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी एवढंच केलं, की एकाच प्रकारची बरीच क्रीमं जमवली, प्रत्येकाच्या पुढच्या बाजूचे दावे आणि मागची घटकांची यादी समोरासमोर मांडून एक तक्ता बनवला आणि तो अर्जासोबत जोडला. ज्या कंपनीने मला घेतलं, तिथली मुलाखत जवळपास सगळी त्या तक्त्यावरच झाली.

मुलाखतींत ‘लिपस्टिक इंडेक्स’चा विषय हमखास निघतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. एस्टी लॉडर कंपनीचे लिओनार्ड लॉडर यांनी २००१ च्या मंदीच्या सुमारास ही कल्पना लोकप्रिय केली: पैसे आटले की माणसं मोठी खरेदी टाळतात, पण लिपस्टिकसारखी छोटी चैन सोडत नाहीत. उमेदवार ही गोष्ट नियम असल्यासारखी सांगतात. ती सुचली तेव्हा बरी वाटली असेल, पण आकड्यांनी प्रत्येक वेळी तिला साथ दिलेली नाही. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा ओठांना रंग लावणार कोण? लोकांनी तेव्हा डोळ्यांच्या मेकअपकडे मोर्चा वळवला. मुलाखतीत ही गोष्ट सांगायचीच असेल, तर हा पुढचा अर्धा भागही सांगा.

नोकरी लागली आणि मला सरळ दुकानातल्या काउंटरवर उभं केलं. कंपनीची पद्धतच तशी होती: मार्केटिंगला येणाऱ्या प्रत्येकाने आधी ब्यूटी अॅडव्हायझर म्हणून विक्री करायची. माझ्याबरोबर आलेल्या काहींना हा अपमान वाटला. मला विचाराल तर या क्षेत्रातलं खरं शिक्षण तिथेच होतं, आणि ज्या कंपनीत ते देत नाहीत तिथे ते मागून घ्यावं.

काउंटरवर पहिली गोष्ट समजते ती ही, की गिऱ्हाईक आमची भाषा बोलत नाही. ‘हायड्रेशन’ कुणी मागत नाही. ‘तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो’ असं म्हणतात. ‘मॅट फिनिश’ नाही, ‘दुपारपर्यंत नाक चमकायला लागतं’. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ कुणाच्या तोंडी येत नाही, ‘याने पुटकुळ्या तर नाही ना येणार?’ हा प्रश्न मात्र दर थोड्या वेळाने येतो. मी ही वाक्यं वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यायचे. पुढे ऑफिसात बसल्यावर जाहिरातीच्या ओळी लिहिताना ती वही कुठल्याही रिसर्च रिपोर्टपेक्षा जास्त कामाला आली.

फाउंडेशनची शेड जुळवणं ही तिथली खरी कसोटी. बरेच जण मनगटावर लावून बघतात, पण मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच एक असतो. जबड्याच्या कडेला लावायचं, थोडा वेळ थांबायचं, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात, आणि मग माणसाला दुकानाच्या पिवळ्या दिव्यांतून उजेडात न्यायचं. अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगाखालची छटा, पिवळट की गुलाबी, हे ओळखायला नजर बसावी लागते. पुस्तक वाचून ते जमत नाही.

शेडवरून एक वाद आठवतो, तो या क्षेत्रात आजही चालू आहे. गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या ब्रँडने २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी फाउंडेशनच्या ४० शेड बाजारात आणल्या आणि त्यानंतर प्रत्येक कंपनीला ‘तुमच्या किती?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आमच्या मीटिंगमध्येही तो आला. सेल्सवाल्यांचं म्हणणं, की गडद शेड चालत नाहीत, माल पडून राहतो. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्य असतं. प्रत्येक शेड हा वेगळा एसकेयू, म्हणजे साठ्यात वेगळा मोजायचा माल, त्याची किमान बॅच बनवावीच लागते, आणि शेल्फवर जागा मोजकी. पण काउंटरवर उभी राहिले असल्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती: त्या शेडचे टेस्टर अर्ध्या दुकानांत पोहोचलेलेच नव्हते, आणि जिथे होते तिथे ते सगळ्यात खालच्या फळीवर. जी शेड लावून बघता येत नाही ती विकत कोण घेणार? ‘चालत नाही’ म्हटलं की मी अजूनही आधी टेस्टर कुठे आहे ते विचारते.

मग ऑफिस. असिस्टंट ब्रँड मॅनेजर म्हणून हातात पहिलं काम आलं ते ब्रीफ लिहिण्याचं. नवीन क्रीम हवं असेल तर मार्केटिंग लॅबला ब्रीफ देतं: कुणासाठी, कधी लावायचं, हाताला कसं लागलं पाहिजे, वास कसा, पॅक कोणता, खर्च किती आणि डबीवर काय म्हणायचंय. शेवटचा मुद्दा सगळ्यात आधी लिहावा, असं मी म्हणेन. दावा ठरल्याशिवाय लॅबने क्रीम बनवलं, तर नंतर त्या क्रीमला शोभेलसं काहीतरी शोधत बसावं लागतं.

लॅबमधले आमचे वरिष्ठ फॉर्म्युलेटर मोजकं बोलायचे. माझ्या एका ब्रीफमध्ये पाच घटकांची नावं होती. त्या वेळी बाजारात ज्यांचा बोलबाला होता ती सगळी. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “तुला नाव पाहिजे की काम?”

“दोन्ही पाहिजे, सर.”

“मग यातले दोन ठेव. बाकीचे घालीन मी, पण पाठीमागच्या यादीत शेवटी येतील. कुणीतरी वाचेल तेव्हा तूच उत्तर दे.”

ही यादी वाचायला शिकणं म्हणजे या धंद्यातली मुळाक्षरं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण १ टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. त्यामुळे ती १ टक्क्याची अदृश्य रेषा कुठे पडते, हे ताडावं लागतं. सरांनी मला एक युक्ती दाखवली: फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह शोध. युरोपात त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते बहुतेक करून चिमूटभर. मग पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत झळकणारा एखादा फुलाचा अर्क मागे त्या रेषेच्याही खूप खाली सापडतो. काही घटक अगदी थोड्या प्रमाणातही काम करतात, रेटिनॉल हे त्याचं ठळक उदाहरण, म्हणून यादीत खाली असलेलं सगळंच नुसतं शोभेचं असं समजू नये. पण कोणता घटक कामाला आलाय आणि कोणता बोर्डावर नाव लावायला, हे मार्केटिंगवाल्याला कळलंच पाहिजे. नाहीतर ते गिऱ्हाईकाला आधी कळतं. आजकालचं गिऱ्हाईक यादीचा फोटो काढून शोधतं.

ब्रीफपासून दुकानापर्यंतच्या वेळाचा अंदाज नवीन माणसाला येत नाही. फॉर्म्युला पसंत पडला तरी तो साधारण ४० अंशांत काही महिने ठेवून बघतात: फाटतोय का, रंग बदलतोय का, वास उतरतोय का. चॅलेंज टेस्टमध्ये मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडून २८ दिवस प्रिझर्व्हेटिव्ह टिकतो का ते पाहतात. क्रीम डबीत आणि पंपात वेगळं वागतं, म्हणून पॅक बदलला की यातलं बरंचसं पुन्हा. सणाच्या, सुट्टीच्या मोसमाला माल हवा म्हणून सेल्सचे लोक फोनवर फोन करत असतात आणि तुम्ही ओव्हनमधल्या बरण्यांची वाट बघत असता. मार्केटिंगवाल्याचा संयम कुठे लागतो म्हणाल, तर इथे.

आता दाव्यांकडे येते. मला औषधातून आल्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे झाला, आणि सगळ्यात मोठा गोंधळही इथेच. औषधात आम्ही एखादा परिणाम सिद्ध करण्यासाठी जिवाचं रान करायचो. इथे तो परिणाम खरोखर होत असला तरी तसं बोलता येत नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, रूप बदलणारी वस्तू. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी म्हणून विकलात, तर ते औषध. म्हणजे डबीत तेच क्रीम, पण वाक्य बदललं की वस्तूची जातच बदलते. लाँकोम या प्रसाधनांच्या ब्रँडला २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने, ताकीदपत्र पाठवलं ते याचसाठी. जनुकांची क्रिया वाढवण्यासारखे दावे प्रसाधनात बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून सगळीकडे ‘सुरकुत्या कमी झाल्यासारख्या दिसतात’ छापाची अडखळती वाक्यं दिसतात. लिहिणाऱ्याला भाषा येत नाही असं नाही. त्याच्या शेजारी वकील बसलेला असतो.

युरोपने २०१३ मध्ये दाव्यांसाठी सहा निकष घालून दिले: कायद्याला धरून असणं, खरेपणा, पुरावा, प्रामाणिकपणा, इतरांशी न्याय आणि ग्राहकाला नीट ठरवता येईल अशी माहिती. त्यातला न्यायाचा निकष मला विशेष आवडतो. बाजारात परवानगी असलेल्या एखाद्या घटकाला बदनाम करून ‘आमच्यात तो नाही’ म्हणून टिमकी वाजवणं त्यात बसत नाही. आमच्या मीटिंगमध्ये ‘अमुक फ्री, तमुक फ्री’ची रांग लावायची हौस आली की मी तो निकष काढून दाखवते. माझं तिथे फारसं कौतुक होत नाही. ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ या ओळीचंही असंच. युरोपात प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं विकायलाच मार्च २०१३ पासून पूर्ण बंदी आहे, तेव्हा तिथे ही ओळ म्हणजे कायदा पाळल्याची बढाई.

टक्केवारीचे दावे कसे बनतात, हे आतून पाहिल्यावर जाहिराती वाचायची रीत बदलते. ‘९ पैकी ८ जणींना त्वचा मऊ जाणवली’ अशा वाक्यामागे बहुधा घरी वापरून बघण्याची चाचणी असते: बायकांना क्रीम द्यायचं, काही आठवड्यांनी प्रश्नावली भरून घ्यायची. ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ या दोन्ही उत्तरांची बेरीज होते. ज्या वाक्याला आकडा चांगला पडतो ते छापलं जातं, बाकीची फाइलीत राहतात. यात खोटं काही नाही, पण हा लोकांचा अनुभव झाला, मोजमाप नव्हे. मोजमाप वेगळं: कॉर्निओमीटर नावाचं यंत्र त्वचेच्या वरच्या थरातला ओलावा मोजतं. दोन्ही पुरावे चालतात, फक्त एकाच्या जागी दुसरा खपवायचा नाही. ‘डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड’बद्दलही लोकांचा समज फार मोठा असतो. चाचणी त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाली, एवढंच ते सांगतं. निकाल काय लागला, ते सांगत नाही.

सनस्क्रीनच्या कामाने मला सगळ्यात जास्त घाम फोडला. अमेरिकेत ते औषधात मोडतं, युरोपात प्रसाधनात, म्हणजे एकाच ट्यूबसाठी दोन वेगळ्या वाटा. सगळ्यांना डबीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ५० हवा असतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजवणारी, किरणं अडवतं, ५० असेल तर ९८. खरी गोम प्रमाणात आहे. प्रयोगशाळेत हा आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. खऱ्या आयुष्यात माणसं त्याच्या निम्म्याच्या आसपासच थांबतात. मग पॅकवर आकडा मोठा करायचा की किती लावायचं ते मोठं करायचं? मी दुसऱ्या बाजूने होते. ‘जास्त लावा’ म्हटलं की माल लवकर संपतो, तेव्हा सेल्सला आवडेल असं मला वाटलं होतं, पण त्यांची भीती वेगळी होती: इतकं लावलं की चेहरा पांढरा पडतो, आणि तो पांढरेपणा दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूमध्ये येतो. ब्रीफ परत लॅबकडे गेलं. पांढरेपणा कमी झाल्यावरच ‘किती लावायचं’ची ओळ पुढच्या बाजूला आली. या सगळ्या कामातलं माझं आवडतं काम कोणतं, तर हे.

फोटोशूट होतात, पण तिथेही पुराव्याचाच जाच. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटनच्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने २०११ मध्ये अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स आणि मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या फाउंडेशनच्या जाहिराती थांबवल्या, कारण फोटोवर किती हात फिरवलाय आणि त्यात क्रीमचं कर्तृत्व किती, हे कंपनीला दाखवता आलं नाही. तेव्हापासून आधीचा आणि नंतरचा फोटो काढताना दिवा, कोन, केस, चेहऱ्यावरचा भाव सगळं सारखं ठेवण्याबद्दल नव्या मुलांना मी छळते. ‘नंतर’च्या फोटोत हसू आलं की फोटो बाद.

विक्रीच्या बाजूचं थोडक्यात सांगते, कारण ते इतर धंद्यांसारखंच आहे. दुकानदाराने माल उचलला म्हणजे विकला असं नव्हे. दुकानातून गिऱ्हाईकाकडे किती गेला तो आकडा खरा. आणि त्याहून खरा तो दुसऱ्यांदा घेणाऱ्यांचा. इन्फ्लुएन्सर पहिली डबी विकून देतात, दुसरी डबी क्रीमलाच विकावी लागते. इन्फ्लुएन्सरने पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे, आणि त्याने आमच्या वतीने ‘मुरुमं बरी झाली’ म्हटलं तर ते आमच्याच गळ्यात पडतं. त्यामुळे त्यांना पाठवायच्या कागदावर ‘काय म्हणू नका’ची यादी ‘काय म्हणा’पेक्षा लांब असते. तक्रारींची फाइलही मार्केटिंगनेच वाचावी. अमेरिकेत २०२२ च्या नव्या कायद्याने गंभीर दुष्परिणामाची खबर १५ कामाच्या दिवसांत सरकारला कळवणं बंधनकारक केलंय, तेव्हा कस्टमर केअरकडे आलेला ‘डोळे सुजले’ हा निरोप कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहता कामा नये.

पगार सुरुवातीला औषधापेक्षा कमी मिळाला. पुढे भरून निघाला. कामाचे तास लाँचच्या आधी वाईट, एरवी बरे. सुगंधाची अॅलर्जी असेल तर मात्र विचार करा, कारण दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी हातावर चोळून तुमच्या नाकापुढे धरत असतं.

आता माणसं निवडायचं काम माझ्याकडे आलंय. पोर्टफोलिओत बहुतेक सगळे इन्स्टाग्रामच्या कॅम्पेन घेऊन येतात. मी त्या बघते, मग टेबलावरची एखादी डबी त्यांच्यापुढे सरकवते आणि विचारते, यावरचं कोणतं वाक्य तुम्ही छापू दिलं नसतं? काही जण पुढची बाजू वाचून ‘सगळं छान आहे’ म्हणतात. काही डबी उलटी करतात, यादीवर बोट फिरवतात, आणि ‘ही चाचणी किती जणांवर केली होती?’ असं उलट मलाच विचारतात. त्यांना मी दुसऱ्या फेरीला बोलावते. ती फेरी काउंटरवर होते.